तीन माणसांची चार बोटं

“तू आजपर्यंत किती बोटं खाल्लीस?”

नववीतली स्वरूपा हे मला, एका मशीनला, विचारत होती. मैत्रिणींनी पैजच लावली होती तशी. त्या दाराआड तोंडावर हात धरून खिदळत होत्या, आणि ही कमरेवर हात ठेवून उत्तराची वाट बघत उभी.

उत्तर आहे, चार. तीन माणसांची चार बोटं.

मित्रांनो, मी एक जुनं प्रेस मशीन आहे. पत्र्याला एका ठोक्यात आकार देणं हे माझं काम. चाकणच्या एका शेडमध्ये मी अठरा वर्षं तिन्ही शिफ्ट काम केलं. दसऱ्याला झेंडूचा हार, पेढे, केवढा मान होता मला.

मला दोन बटणं आहेत. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच ठोका पडतो, म्हणजे हात आत राहूच शकत नाहीत. पण टार्गेट वाढलं, तसं एका बटणात चिंधी कोंबून ते कायमचं दाबून ठेवलं गेलं. एक हात मोकळा झाला. मोकळा हात आत गेला. पत्रा कुठला आणि बोट कुठलं, हे मला कळत नाही, मित्रांनो.

पुढे गंज चढल्यावर मालकांनी मला भंगारात घातलं. तिथून शिल्पकार सुमनताईंनी मला चिखलीत आणलं. स्वतःची शिल्पं विकून त्यांनी बोटं गेलेल्या कामगारांसाठी ही संस्था काढली आहे. इथे त्यांच्यावर उपचार होतात, उरलेल्या बोटांनी ते मातीकाम शिकतात. त्यांच्या हातांचे प्लास्टरचे साचे भिंतीवर टांगलेले आहेत. रांगेच्या शेवटी दोन खिळे रिकामे आहेत. ताई ते आधीच ठोकून ठेवतात. दर वर्षी लागतातच.

तेवढ्यात इथल्या मुलांच्या रविवारच्या मातीकामाच्या वर्गातून स्वरूपाला न्यायला तिचे आईवडील आले. वडील, ज्योतीराम, निघोज्यात माझ्यासारख्याच मशीनवर आहेत. त्यांनी ओळखीचं असल्यासारखं मला थोपटलं आणि शेजारी उभ्या सुमनताईंना म्हणाले,

“आमच्याकडं बी एक बटण चिंधी लावून दाबूनच ठेवत्यात. लई फास्ट काम होतंय, ताई.”

सुमनताई हसल्या नाहीत. “कंपनीचं नाव द्या. आमची माणसं तपासायला जातील. तुमचं नाव कुठे येणार नाही.”

“सहाच जण आहोत शेडात. कुणी सांगितलं ते कळायला किती वेळ लागतोय?”

“राहू द्या ना,” आई हळूच म्हणाली. “आता कुठं परमनंट करणार आहेत यांना.”

स्वरूपा वडिलांच्या उजव्या हाताकडे पाहत होती. बोलता बोलता तो माझ्या ठोक्याच्या जागी, अगदी आत, सहज टेकला होता. माझी वायर कधीच कापलेली आहे. तरी मला भीती वाटली.

मित्रांनो, तुमच्या घरातलं कुणी माझ्यासारख्या मशीनवर असेल, तर त्यांना दोन्ही बटणांबद्दल आजच विचारा. उद्या नको.

“पप्पा, हात बाहेर काढा.”

त्यांनी काढला. कुठे होता ते त्यांनाही तेव्हाच दिसलं.

“कंपनीचं नाव मी सांगणार आहे ताईंना, आत्ताच,” स्वरूपा म्हणाली. “आई, तू रडलीस तरी सांगणार. आणि पप्पा, तुम्ही माझ्याशी कधीच बोलला नाहीत, तरी सांगणार.”