मासे लांब गेले की

"ह्ये काय गं, म्हशीचं रेडकू?" रोहिणीच्या खांद्यावरून लॅपटॉपात डोकावत रंगुबाईनं विचारलं.

"समुद्रसिंहाचं पिल्लू आहे, आई. हे फोटो बघून बेटावरच्या माय-लेकरांची नोंद करायची, हेच तर माझं काम."

"ह्याच्यासाटी शिकिवली व्हय तुला पुण्यात?"

रंगुबाई हसली, पण बसली नाही. त्या दिवशी तिच्या पायाला भिंगरीच लागली होती. दाराशी जायची, परत यायची, विझलेली चूल उगाच फुंकायची.

कोपऱ्यात सून रेश्मा तवा-परात पोत्यात भरत होती. सकाळी ऊसतोडीची गाडी येणार होती. दरसाल ती आणि तिचा नवरा रामहरी श्रीगोंद्याकडं तोडीला जात. जवळ असल्यानं अधूनमधून घरी चक्कर व्हायची. यंदा तिकडं ऊस विरळ, म्हणून मुकादमानं टोळी थेट बेळगावकडं काढली होती. तान्हा ओम आजीपाशी राहणार होता. तसं घरात ठरलं होतं, पटलं मात्र कुणालाच नव्हतं.

"ह्याची आय कुटं गेली?" रंगुबाई पुन्हा लॅपटॉपाशी आली.

"मासे धरायला. मासे किनाऱ्याजवळ असले की लवकर परतते, पाजते. यंदा तिथलं पाणी तापलंय. बारके मासे गार पाण्यामागं लांब गेले, खोल गेले. मग तीही लांब जाते."

"अन् ह्ये?"

"वाट बघतं. वाळतं. मासे लांब गेले, की त्या साली पिल्लं कमीच जगतात."

"मंग जातीच कशाला मेली एवढ्या लांब?"

"न जाऊन काय करील? तिच्याच पोटात नसलं तर पिल्लाला दूध कुठून येणार?"

रेश्माचे हात थांबले. "वन्सं, परत आल्यावर वळखती का वो ती त्याला?"

"ओळखते. आधी हाक मारते, मग वास घेते. हुंगल्याशिवाय जवळ घेत नाही."

रंगुबाई उठून बाहेर गेली आणि नुकतंच खाऊन झालेल्या शेळीपुढं आणखी चारा टाकून आली.

ऊस तोडून तोडून मणका गेला, तेव्हा तिनं कोयता खाली ठेवला होता. पुन्हा फडाचं तोंड बघणार नाही, अशी देवीपुढं शपथच घेतली होती. त्यामुळं 'तुमी चला, पोराला संबाळायला' असं म्हणायची रेश्माची छाती झाली नाही. आणि रंगुबाईच्याही तोंडून ते निघालं नाही.

सकाळी गाडी आली. रेश्मानं अंगावरून उतरवलेलं हिरवं पातळ ओमच्या झोळीत अंथरलं. तोडीला जाणाऱ्या बाया तान्ह्यासाठी असं पातळ ठेवून जातात.

"आत्या, ह्ये धुऊ नका. माज्या अंगाचा वास हाय त्याला."

"मला शिकिवती व्हय?" रंगुबाई डाफरली.

गाडी वळणाआड गेली. रंगुबाईचं मन थाऱ्यावर नसलं की ती धुणं काढते. गावात मयत झाली तरी हिच्या दोरीवर गोधड्या दिसतात. ओम रोहिणीच्या मांडीवर होता, झोळी रिकामी. चादरी गेल्या, कुंच्या गेल्या, झोळीतलंही गेलं. हातातल्या पिळ्यातून हिरवट पाणी गळायला लागलं, तेव्हा रंगुबाईनं पिळा उलगडला. रेश्माचं पातळ.

दिवेलागणीला ओमनं रडं धरलं. तिनं वाळलेलं पातळ त्याच्या गालाशी नेलं. साबणाचा वास आला तसं त्यानं तोंड फिरवलं.

"आई, माझ्यासाठीही ठेवलं होतंस का गं?" रोहिणीनं विचारलं.

"ठिवलं हुतं की. तुजी आजी लई निर्मळ बाई. धुऊन टाकलं तिनं. पाडव्याला मी परत आले, तर तू तिच्या पदराआड. हात लावू देईनास मला." रंगुबाईनं पदर डोळ्याला लावला. "उभा जन्म सासूला बोल लावला गं मी. अन् आज माज्याच हातानं..."

ती रडायला लागली. ओमला घेऊन रोहिणी अंगणात फिरत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगुबाई फाट्यावर उभी होती. खांद्यावर ओम, हातात पिशवी, पिशवीत ते पातळ.

"मी येते सोबत," रोहिणी म्हणाली.

"तू शेळी बघ. रामहरी येनार हाय बेळगावच्या स्टँडवर."

"आणि तुझी पाठ?"

"ती काय, हितंबी दुकतीच की."

"शपथ घेतली होतीस देवीपुढं."

"देवीबी आयच हाय. घील समजून."

"मग पातळ कशाला नेतेस? रेश्मा आहेच की तिथं."

"ती दिसभर फडात, मी पाचटाच्या कोपीत ह्याच्यापाशी. दोन रोज नेसू दे तिला. मंग लागंल ह्याला."

जीप आली. रोहिणीनं पुढं होऊन आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. चुलीचा धूर, मिसरी आणि कालच्या साबणाचा वास. तिनं खोल श्वास घेतला, पुन्हा घेतला. जीपवाला हॉर्न वाजवत राहिला, आणि एरवी लगेच डाफरणारी रंगुबाई गुमान उभी राहिली.