भिंतीकडे तोंड केलेला वजनकाटा

मित्रांनो, माझे तोंड भिंतीकडे आणि पाठ तुमच्याकडे आहे, याचा राग मानू नका. मी एक जुना वजनकाटा आहे. लहान बाळांना झोळीत बसवून वजन करतात ना, तसला टांगता काटा. मला असे उलटे टांगले आहे ते शिक्षा म्हणून नव्हे. त्यामागे एक गोष्ट आहे आणि ती सांगायला मला फार उशीर झाला आहे.

समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. माझ्या पोटात पोलादी स्प्रिंग आहे. खाली जेवढे ओझे लटकेल तेवढी ती ताणली जाते, आणि ती ताणली की तोंडावरची लाल सुई फिरते. एवढेच मला येते. पण ते मला चांगले येते. माझी तबकडी मुद्दाम मोठी केलेली होती, आकडा खोलीच्या दारातूनही वाचता यावा म्हणून. मला बनवणाऱ्यांना या गोष्टीचा इतका अभिमान होता की त्यांनी ती माझ्या खोक्यावर छापली होती.

जहाजाने मी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाला उतरलो. तिथून आगगाडीने दक्षिणेकडे आलो आणि शेवटी गाढवाच्या गाडीवरून सुवैलम गावच्या आरोग्य केंद्रात पोहोचलो. पुढे कालवा, मागे उसाची शेते आणि अंगणात तुतीचे एक मोठे झाड. आतल्या खोलीच्या तुळईला मला टांगण्यात आले.

दर सोमवारी तालुक्याच्या परिचारिका विद्यालयातून हकीमा इन्साफ येत असत. आमच्याकडे परिचारिकेला मानाने हकीमा म्हणतात. सोबत आणलेल्या विद्यार्थिनींना त्या इथे शिकवत आणि त्याच वेळी एक अभ्यासही करत होत्या. या गावातली बाळे पहिले काही महिने बाळसेदार असतात आणि मग अचानक खंगतात, ते का, हे त्यांना शोधायचे होते. एका वजनातून काही कळत नाही, असे त्या मुलींना सांगत. या महिन्याचे वजन मागच्या महिन्याशी ताडून पाहिले, तरच बाळ वाढते आहे की उतरते आहे ते समजते. म्हणून आई पुन्हा येणे महत्त्वाचे.

आल्या आल्या त्या माझ्या हुकाला पाण्याने भरलेला एक डबा लावत. पाण्याचे वजन त्यांना ठाऊक असे. सुई जरा जरी चुकली तरी माझ्या पाठीवरचा स्क्रू फिरवून त्या मला सरळ करत आणि म्हणत, "हा आपला सगळ्यांत प्रामाणिक सहकारी." मित्रांनो, लोखंडालाही अशा बोलण्याने बरे वाटते.

त्यांचा एक कडक नियम होता. एकदा दोन मुली गप्पा मारत वजन करत होत्या आणि त्या नादात एका सुकलेल्या बाळाचे वजन भलतेच जास्त लिहिले गेले. तेव्हापासून हकीमांनी ठरवले, की एकीने आकडा मोठ्याने वाचायचा, दुसरीने तो तितक्याच मोठ्याने पुन्हा उच्चारायचा आणि मग लिहायचा. मध्ये एकही अवांतर शब्द नाही. जी बोलेल तिचे गुण कापले जात. नियम चांगला होता. त्यानंतर एकही आकडा चुकला नाही.

आता अंगणातले ऐका. तुतीखाली बायका आपापली लेकरे घेऊन पाळीची वाट पाहत बसत, आणि तिथले बोलणे ऐकून शहरातून आलेल्या एखाद्या पाहुण्याला धक्काच बसला असता.

"काय गं, हे माकड कुठून उचलून आणलंस?" एक विचारी.

"कुणी घेईना, म्हणून आणलं," दुसरी हसून म्हणे.

"आणि नाक तर बघ! बापाचंच वांगं!"

"तुझ्या त्या बेडकापेक्षा बरं आहे."

जितके बाळ गोजिरे, तितकी शिवी मोठी. कुणी चुकून "किती छान" म्हणालेच, तर त्याला लगेच माशाअल्लाह, म्हणजे अल्लाची मर्जी, असे जोडायचे, म्हणजे बाळाला दृष्ट लागत नाही. हे सगळ्यांना माहीत होते. विद्यालयातल्या मुलींनाही. त्याही याच मातीतल्या होत्या.

गावात एक बाई होती, उम्म शहाता. म्हणजे शहाताची आई. तिची आधीची दोन मुले अंगावर पीत असतानाच गेली होती. तिसरा मुलगा झाला तेव्हा तिने त्याचे नाव शहाता ठेवले. शहाता म्हणजे भीक मागून मिळालेला. शेजारणींकडून जुने कपडे मागून आणून ती त्याला घाली. त्याच्या गळ्यात निळा मणी होता आणि एका कानात मुलीसारखी बाळी. कुणाला वाटावे, कुणाची तरी टाकून दिलेली पोर आहे. एवढे करून ती त्याला जगवत होती.

हिवाळ्याच्या शेवटी एका सोमवारी ती पहिल्यांदा केंद्रात आली. शेजारीण उम्म बखीतने तिला महिनाभर समजावून आणले होते. वजन करायला विद्यालयातली रिहाम उभी होती आणि लिहायला तिची मैत्रीण दिमयाना. नियमाप्रमाणे रिहामने बाळाच्या अंगावरच्या चिंध्या उतरवल्या आणि मणीही काढून ठेवला. आतून निघाला तो लोण्याच्या गोळ्यासारखा पोरगा. तिने त्याला झोळीत बसवून माझ्या हुकाला लावले. दारात बायकांची गर्दी होती. माझी सुई झरझर फिरली आणि थांबली.

"साडेआठ किलो!" रिहामने खणखणीत आवाजात वाचले.

"साडेआठ किलो!" दिमयानाने तितक्याच खणखणीत आवाजात पुन्हा म्हटले.

 उम्म शहाता रिहामच्या ओठांकडे पाहत राहिली. अजून काहीतरी यायचे राहिले होते. रिहाम घरी असती, शेजारणीचे बाळ हातात असते, तर तो शब्द तिच्या तोंडून न सांगता आला असता. पण अंगावर पांढरा कोट होता आणि मागे गुण देणाऱ्या हकीमा उभ्या होत्या. ती गप्प राहिली.

उम्म शहाताने बाळ झोळीतून ओढून घेतले. चिंध्या गोळा केल्या. "नबीचं नाव याची राखण करो," असे पुटपुटत ती गेली. मणी टेबलावरच राहिला होता, तो घ्यायला उम्म बखीत मागे आली. तिने आमच्यापैकी कुणाकडे पाहिले नाही.

पुढच्या सोमवारी तुतीखालची सावली अर्धी रिकामी होती. त्याच्या पुढच्या सोमवारी आणखी रिकामी. हकीमा इन्साफ अस्वस्थ झाल्या. त्या अभ्यासू बाई. त्यांनी प्रश्न तयार केले आणि मुलींना घेऊन घरोघर गेल्या. केंद्र लांब पडते का? घरात काम असते का? नवरा नको म्हणतो का? बायकांनी चहा पाजला, उन्हात पीठ फुगवून भाजलेली भाकरी पुढे ठेवली आणि सगळ्याला हो म्हटले. हो, लांब पडते. हो, म्हैस व्यायली आहे. हकीमांनी कालव्यापासून केंद्रापर्यंतचे अंतर मोजले. मी इकडे रिकाम्या हुकाने लटकत होतो. माझी सुई शून्यावर होती आणि तेवढे मात्र अगदी बरोबर होते.

उन्हाळा आला. कालव्याचे पाणी आटले आणि हिरवे झाले. गावात लेकरांना जुलाब सुरू झाले.

एका सकाळी उम्म शहाता दारात उभी राहिली. सोमवार होता. रिहामच खोलीत होती. बाईच्या हातात चिंध्यांचे गाठोडे होते आणि ते फार हलके आहे हे मला टांगल्या जागेवरूनही कळले. जुलाब थांबत, पुन्हा सुरू होत, असे महिनाभर चालले होते. तिने ताईत बांधले होते, धूप जाळला होता. केंद्राच्या रस्त्याला मात्र ती आली नव्हती.

रिहामने बाळाला झोळीत ठेवले.  माझी सुई हळूच सरकली आणि सहाच्याही अलीकडे थांबली. रिहामने तोंड उघडले आणि मिटले. दिमयाना लेखणी धरून तशीच थांबली.

"का गं?" उम्म शहाता म्हणाली. "आता का गप्प? ओरड ना. आता ओरड सगळ्या गावाला. आता याच्यावर जळायला काय शिल्लक आहे?"

रिहामला रडू फुटले. हकीमा इन्साफ धावत आल्या. मीठ-साखरेचे पाणी चमच्याने पाजत त्यांनी बाळाला स्वतः गाडीत घातले आणि तालुक्याच्या इस्पितळात नेले.

शहाता परत आला नाही.

हकीमा मातमाला, म्हणजे शोकाच्या बैठकीला गेल्या. हे मी पाहिले नाही, परत आल्यावर त्या मुलींना सांगत होत्या, ते ऐकले. त्या काळ्या कपड्यांत बायकांमध्ये चटईवर बसल्या, बिनसाखरेची कॉफी प्यायल्या आणि या वेळी त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही.  मग उम्म बखीतच बोलली.

"हकीमा, आम्ही लेकरू चिंध्यांत लपवून आणतो. तुमच्या मुली ते सोलतात, हुकाला लावतात आणि बाजारात ओरडावं तसं त्याचं वजन ओरडतात. एकदा नाही, दोनदा. वर अल्लाचं नावसुद्धा नाही."

"मग मला सांगितलं का नाहीस, बाई? मी दारोदार विचारत फिरले."

"तुम्ही विचारलंत, लांब पडतं का. आम्ही म्हटलं, पडतं. आमच्या दाराशी आलेल्या बाईला नाराज कशाला करायचं?"

हे सांगून हकीमा थांबल्या. मग दिमयानाने भीत भीत विचारले, "पण हकीमा, तो खरंच दृष्टीने गेला का?"

"जुलाबाने गेला," हकीमा म्हणाल्या. "पण जुलाब होत असताना त्याची आई आपल्याकडे का आली नाही, त्याचं उत्तर माझ्या नियमात आहे. मी आकडा चुकू नये एवढंच पाहिलं. तो आकडा कुणाच्या कानावर पडतो ते पाहिलं नाही."

त्या खुर्चीवर चढल्या आणि त्यांनी मला हुकावरच फिरवले. माझे तोंड भिंतीकडे गेले. दारातून वाचता यावी म्हणून बनवलेली माझी मोठी तबकडी आता दारातून कुणाला दिसेना. भिंत आणि मी यांच्यामध्ये दोन माणसे उभी राहतील एवढीच जागा होती, आई आणि परिचारिका. नवा नियम झाला. आकडा दोघींनी पाहायचा. मुलीने आधी माशाअल्लाह म्हणायचे आणि मग आकडा आईच्या कानात सांगायचा. लिहिणारीने स्वतः येऊन सुई पाहायची, म्हणजे चूकही टळते. मणी काढायचा नाही. तसाच एक मणी झोळीसोबत आधी तोलून ते वजन वजा केले की हिशेब चुकत नाही. हे सगळे इतके सोपे होते, मित्रांनो, की त्याचा विचार आला की माझी स्प्रिंग आजही आकसते.

बायका हळूहळू परतल्या. इतर केंद्रांतही हकीमांची ही पद्धत शिकवू लागले. त्यांची वाहवा झाली, पण मी त्यांना कधी खूश पाहिले नाही. निवृत्त होईपर्यंत माझ्या हुकाला पाण्याचा डबा लावताना त्या दर वेळी क्षणभर थांबत.

रिहाम शिकून याच केंद्रात परिचारिका म्हणून आली. तोवर उम्म शहाताला एक मुलगी झाली होती. गावात तिला अजूनही उम्म शहाताच म्हणत. पोर कडेवर घेऊन ती तुतीपर्यंत येई, उभी राही आणि परत जाई. रिहाम खिडकीतून पाही, पण हाक मारायची तिची हिंमत होत नसे.

एका सोमवारी रिहामने मला तुळईवरून काढले आणि अंगणात नेले. तुतीच्या एका फांदीला तिने मला टांगले. तोंड खोडाकडे केले. मग ती बाजूला उभी राहिली. उम्म शहाता गेली नाही. बऱ्याच वेळाने तिने स्वतःच्या हाताने मुलीला झोळीत बसवले, चिंध्यांसकट, मण्यासकट. माझी सुई फिरली, आणि निरोगी बाळाच्या आकड्यावर जाऊन थांबली. दोघी खोडाजवळ वाकून पाहत होत्या. उम्म शहाताला आकडे वाचता येत नव्हते. ती रिहामकडे पाहू लागली, पुन्हा तसेच, ओठांकडे.

रिहामने तिच्या कानाशी तोंड नेले. काय पुटपुटली ते मलाही ऐकू आले नाही. मग मात्र ती सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "शी! काय कुरूप पोर आहे ही! कुठून उचलून आणलीस?"

उम्म शहाताने मुलीला झोळीतून उचलून कडेवर घेतले. तुतीखालच्या सगळ्या बायका वळून पाहू लागल्या.

"कुणी घेईना," ती शेवटी म्हणाली.  "म्हणून आणली."

आता माझी स्प्रिंग सैल झाली आहे. खोलीत नवा काटा आला आहे, त्यावर आकडे लाल दिव्यांनी उजळतात आणि दारातूनही दिसतात. मला सामानाच्या खोलीत ठेवले आहे. इथेही रिहामने मला भिंतीकडे तोंड करूनच टांगले. नव्या मुली आल्या की ती त्यांना आधी माझ्याकडे आणते आणि माझी पाठ दाखवते.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना तेल द्या, गंजू देऊ नका, एवढेच मागणे मागायचे असते, हे मला ठाऊक आहे. पण माझे मागणे वेगळे आहे. उद्या तुमच्यापैकी कुणी परिचारिका होईल, कुणी डॉक्टर, कुणी घरोघर फिरून माणसांचा अभ्यास करेल. आकडा बरोबर वाचा, त्यात कसूर करू नका. पण तो उच्चारण्याआधी एकदा मान वळवून पाहा. तुमच्या ओठांकडे कुणीतरी आई पाहत असेल. शहाताच्या आईला त्या दिवशी एकच शब्द हवा होता. तो खोलीत सगळ्यांना येत होता.