मासिकातली शेवटची गोष्ट

चौतीस साली माझ्या भावाची सून विजयमाला वाचनालयातून जुन्या मासिकांचा बांधीव खंड घेऊन आली आणि मला आभाळ ठेंगणं झालं. याच त्या गोष्टी! मी परकरी पोर होते तेव्हा साखर पेठेतल्या घरात आम्ही बायकापोरी रहाटावर विणकामाचं सूत भरायचो आणि थोरला भाऊ आप्पा मासिक मोठ्यानं वाचायचा. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. ते पुढं विजयमालेनं शिकवलं, तेही माझी बोलणी खात.

घरकामाकडं मी ढुंकून पाहिलं नाही. विहिरीतल्या भुताची गोष्ट सापडली, मुक्या कीर्तनकाराची सापडली. ओळखीचं वाक्य भेटलं की मी एकटीच हसायची. सून म्हणाली, "आत्याबाई, पोळी करपली." म्हटलं, करपू दे.

मग माझी सगळ्यात लाडकी गोष्ट आली, अंकातली शेवटची. नवरा वारलेली बहीण वैशाखाच्या उन्हात भावाच्या दारी येते. आप्पा वाचायचा त्यात भाऊ दार उघडायचा, तिच्या पायांवर पाणी घालायचा. इथं छापलं होतं, भाऊ आतून कडी घालतो आणि बहीण उंबऱ्यावरूनच परत फिरते.

माझं डोकंच फिरलं. नवरा गेल्यावर सासरच्यांनी मला हाकललं, तेव्हा मी अक्कलकोटाहून याच गोष्टीच्या भरवशावर आप्पाच्या दारी आले होते. भाऊ दार उघडतो हे मला तिनंच सांगितलं होतं. तीच खोटी निघाली तर इतकी वर्षं मी या घरात कशाच्या जोरावर राहिले?

आप्पा कट्ट्यावर सुपारी कातरत बसला होता. मी खंड घेऊन तरातरा गेले.

"आप्पा, भावाबहिणीची गोष्ट मला खोटी का वाचलीस?"

"आगं, खोटी कशी? गुरुबसप्पा वाण्याची रद्दी ती. पुड्या बांदाया तो मासिकाची मागली पानं आदी फाडायचा. उरलेलं मला द्यायचा. शेवटच्या गोष्टीला शेवट कदी नसायचाच."

"मग?"

"मग काय? तुमी रहाट थांबवून बसायच्या, फुडं काय म्हून. मीच लावायचो की कायतरी."

मी खंड उघडला आणि छापलेला शेवट त्याला वाचून दाखवला. त्याचा अडकित्ता थांबला.

"कडी घातली?"

"घातली."

"लई वंगाळ," तो म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. माझा राग कुठल्या कुठं गेला, पण रडू आवरेना.

"मग तू का उघडलंस दार?" मी विचारलं. गोष्टीतलं विचारत होते की माझं, ते मलाच कळत नव्हतं.

मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलं असावं, तसं आप्पानं माझ्याकडं पाहिलं.

"न उघडून कसं, मथे? भन भाईर हुबी हाय की."