डाव्या हाताचा गळ

दामूला अर्धांगाचा झटका आला तेव्हा तो नदीवर नव्हता, घरी चहा पीत होता. जमनाला पुढे कितीतरी दिवस याचंच नवल वाटत राहिलं. निम्मा जन्म वैतरणेच्या पाण्यावर डुलत्या होडीत गेलेला माणूस. पाण्यानं त्याला कधी काही केलं नाही. आणि स्वतःच्या ओटीवर, कोरड्या जमिनीवर, त्याच्या हातातून कप गळून पडला.

पालघरच्या दवाखान्यातून तो घरी आला तोवर श्रावण संपला होता. जीभ हळूहळू सुटली. पाय ओढत का होईना, तो अंगणातल्या शेवग्यापर्यंत जाऊ लागला. उजवा हात मात्र आलाच नाही. खांद्यापासून नुसता लोंबायचा, दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा.

एडवणच्या अलीकडे, खाडीकाठच्या त्यांच्या आळीत घरोघरी जाळी होती. दामूचं नाव होतं ते गळासाठी. तो म्हणायचा, “जाळ्यात मासा सापडतो. गळाला मासा राजी व्हावा लागतो.” आणि त्याचा मासा म्हणजे जिताडा. हा मोठा मानी मासा. मेलेल्या चाऱ्याला तो तोंड लावत नाही. त्याच्यासमोर कोलंबी जिवंत हवी, मिशा हलवणारी, मागच्या मागं उड्या मारणारी. गळ टोचलेला असूनही तिला त्याचा पत्ता नसावा, अशी. तशी कोलंबी गळाला लावणारे हात आळीत एकाच माणसाचे होते.

आणि ती कोलंबी जिवंत आणून देणारे हात जमनाचे. तिच्या बापाला मुलगा नव्हता, म्हणून त्यानं पोरीलाच पाग, म्हणजे हातानं फेकायचं गोल जाळं, टाकायला शिकवलं होतं. लग्न होऊन आली तेव्हा बायका पदराआड हसल्या. बाई माणूस गुडघाभर चिखलात उभी राहून पाग फेकते म्हणजे काय! पण एकदा तिचा पाग पाण्यावर ताटासारखा गोल उघडताना ज्यांनी पाहिला, ते पुन्हा हसले नाहीत.

दिवाळी झाली. थंडी पडली. एके सकाळी दामू म्हणाला, “जमने, ओहोटी लागली हाय. पाग घे.”

“कनाला?”

“कोलंबी आन. जिती.”

तिनं त्याच्याकडे पाहिलं. विचारायचं पुष्कळ होतं. तरी तिनं भिंतीवरचा पाग खांद्यावर टाकला, बादली घेतली आणि ती तिवरांच्या वाटेनं खाडीत उतरली.

ओहोटीचं पाणी नाल्यातून नदीकडे धावत होतं. अशा वेळी कोलंबी कडेच्या चिखलाशी लपून असते. जमनानं दोरी मनगटाला बांधली, पागाची शिशाची कड एका ठिकाणी दातात धरली, बाकीचा घेर दोन्ही हातांवर पेलला आणि कमरेतून अशी वळली की पाग तिच्या अंगातूनच निघाल्यासारखा उडाला. पाण्यावर पडला तो एकाच आवाजात. घाई न करता तिनं तो ओढून घेतला. जाळीत काचेसारख्या कोलंब्या टणाटण उडत होत्या. तिनं आधी हात पाण्यात बुडवून गार केले. माणसाचा ऊन हात लागला की कोलंबी भाजते, असं बाप सांगायचा. मग मिशा शाबूत असलेल्या तेवढ्या निवडून बादलीत टाकल्या. बादलीत पाणी त्याच नाल्याचं, आणि धरून बसायला तिवराची एक ओली फांदी. बाकीच्या पदरात बांधल्या.

घरी दामू ओटीवर गळ घेऊन बसला होता.

कोलंबीच्या डोक्यावर करवतीसारखा काटा असतो. त्या काट्याच्या खाली, पारदर्शक कवचातून शाईच्या थेंबासारखा एक काळा ठिपका दिसतो. तो तिचा जीव. गळ जायचा तो त्या ठिपक्याच्या पुढून, काट्याच्या बुडाशी, जिथं नुसतं कवच आहे. तांदळाएवढी जागा. जरा मागं गेलं की कोलंबी पांढरी पडून मरते. दामू पूर्वी हे करायचा ते होडीत बसून, गप्पा मारता मारता: डाव्या हातात कोलंबी, उजव्या हातात गळ, एक टिचकी, झालं.

आता एकच हात. त्यानं कोलंबी दोन गुडघ्यांत धरली आणि डाव्या हातानं गळ नेला. कोलंबी उडून अंगणात गेली. दुसरी ओल्या फडक्यात गुंडाळून पायाच्या अंगठ्याखाली दाबली, ती चिरडली. तिसरीला गळ लागला, पण काळ्या ठिपक्यातून. त्याच्या डोळ्यांदेखत ती दुधासारखी पांढरी झाली.

बादली रिकामी झाली. मेलेल्या कोलंब्या जमनानं गोळा केल्या आणि कालवणाला वाटण काढलं.

दुसऱ्या दिवशी ती न सांगता खाडीत गेली. तिसऱ्या दिवशीही. मग तो नेमच झाला. रोज सकाळी ती जिवंत कोलंबी आणायची, रोज दामू ती मारायचा, आणि रोज घरात कोलंबीचं कालवण व्हायचं. शेजारची बायडी कुंपणावरून म्हणाली, “जमने, तुजा नवरा आजारी हाय का पाव्हना? रोज कोलंबी!”

जमना हसली. “दोनी हाय.”

त्यांचा मुलगा धीरज बोईसरला कारखान्यात होता. सालवडला खोली घेऊन राहायचा. सुट्टीला तो बायकोला, रूपलला, घेऊन आला. रूपल वाडीवाल्यांच्या घरातली, पानवेल आणि केळीत वाढलेली. मासेमारीतलं तिला फारसं कळत नव्हतं. सासऱ्याची ती झटापट तिनं सकाळभर पाहिली आणि स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाली, “आई, तुम्हाला कोलंबी गळाला लावता येते ना? मग तुम्हीच लावून द्या ना त्यांना.”

जमनाला येत होतं. इतकी वर्षं शेजारी बसून पाहिलेलं, न येऊन कसं चालेल? दामू अडखळायचा तेव्हा तिची बोटं आपोआप हलायची. कितीदा वाटलं, उठावं, त्याच्या हातातून घ्यावं, एका टिचकीत लावून द्यावं.

“देईन गं,” ती म्हणाली. “पन मग त्यांनी काय करायचं?”

रूपलनं दारातून ओटीकडे पाहिलं.

दुपारी जमना मासे साफ करायला विळी घेऊन अंगणात बसली. एक पाय विळीच्या पाटावर, पातं समोर उभं. बोंबील दोन्ही हातांनी धरून ती पात्यावर नेत होती. डोकं, शेपूट, पोट; मासा फिरत होता, पातं जागच्या जागी. दामू ओटीवर भिंतीला टेकून बसला होता. जमनाला वाटलं, डुलकी लागली असेल. वर पाहिलं तर त्याचे डोळे विळीवर खिळलेले.

“थांब,” तो म्हणाला.

“काय झालं?”

“काप. काप परत.”

तिनं आणखी एक बोंबील कापला. तो पुढे वाकून पाहत राहिला, जन्मात विळी पाहिलीच नव्हती तसा. मग त्याच्या वाकड्या झालेल्या ओठांवर हसू फुटलं.

“जमने, सुरी माशाकडं जाते. विळीकडं मासा येतो. बरोबर का नाय?”

“आता हे काय नवं?”

“आमी येडे. गळ कोलंबीकडं नेत बसलो. गळ बसू दे एका जागी! कोलंबीला नेऊ त्याच्याकडं.”

त्यानं धीरजला हाक मारली. धीरज म्हणाला, “बाबा, मी कारखान्यातून लोखंडाचा चिमटा करून आणतो, पक्का.” दामूनं मान हलवली. लोखंडानं गळाची धार जाते, आणि होडीत जड वस्तू कोण बाळगणार. भेंडीच्या झाडाच्या लाकडाची एक फळी पडवीत होती. बापानं बोटानं जागा दाखवायची आणि लेकानं करवत चालवायची, असं चाललं. फळीला एक उभी खाच. खाचेत गळाची दांडी घट्ट बसायची, टोक वर, आभाळाकडे. फळी डाव्या मांडीखाली दाबली की गळ जागचा हलत नसे. रूपलनं आपणहून सुचवलं की फळीच्या कडेला ओला काथ्या बांधावा, म्हणजे कोलंबी ठेवायला गार जागा होईल. दामूनं सुनेकडे कौतुकानं पाहिलं. काथ्या बांधला गेला.

पण युक्ती सापडली म्हणून हात शिकला असं होत नाही. डाव्या हातानं आयुष्यभर नुसतं धरायचं काम केलेलं. बारीक काम त्याला ठाऊकच नव्हतं. बोटं थरथरायची. कोलंब्या मरतच राहिल्या, फक्त थोड्या कमी. जमना खाडीत जातच राहिली. थंडीत पाणी पायांना चावायचं, परत येताना चिखलातून पाय निघायचे नाहीत. पण ओटीवर बसलेला तो माणूस आठवला की तिला वाटायचं, आपण याच्यावर उपकार करत नाही. इतकी जिद्द धरून बसणारं माणूस रोज पाहायला मिळतं, हेच आपलं नशीब. दवाखान्यात शेजारच्या खाटेवरचे कितीजण भिंतीकडे तोंड करून पडले होते, ते तिनं पाहिलं होतं.

एका सकाळी ती भाकऱ्या थापत होती आणि बाहेरून हाक आली. हाक मोठी नव्हती. हात तसेच पिठाचे, ती बाहेर आली. दामूनं डावा हात बादलीत धरला होता. बादलीत तंगुसाच्या, म्हणजे गळाच्या नायलॉन दोऱ्याच्या, टोकाला एक कोलंबी होती. करवती काट्याच्या बुडाशी गळ, काळा ठिपका स्वच्छ, मिशा दोन्ही. ती एकदा थबकली आणि टण्णकन मागं उडाली. तंगूस ताणला गेला.

दामूच्या डोळ्यांत पाणी होतं. “बघ कशी नाचते,” तो म्हणाला.

त्याच आठवड्यात, पाण्याला ओढ कमी असलेल्या भांगाच्या दिवशी, ते नदीवर गेले. होडी त्याचा जुना सोबती तात्या याची. दामूला होडीत चढवायला तात्या आणि जमना दोघं लागली. त्याला कोणी उचलावं हे त्याला आवडलं नाही, आणि ते त्यानं लपवलंही नाही. होडीत बसला मात्र आणि त्याची पाठ सरळ झाली.

नाला नदीला मिळतो तिथं, तिवरांच्या सावलीच्या कडेला, तात्यानं होडी लावली. दामूनं फळी मांडीखाली घेतली. बादलीतून कोलंबी निवडली, काथ्यावर टेकवली, बोटांत धरली आणि गळाकडे नेली. होडी हलत होती. ओटीवर जमलेलं इथं जमेल का, या धास्तीनं जमनानं श्वास धरला. कोलंबी लागली. त्यानं ती पाण्यात सोडली, तंगुसाला बांधलेलं शिसं तळाला टेकू दिलं, आणि तंगूस डाव्या तर्जनीवर घेतला.

बराच वेळ काही नाही. मग तंगूस जरासा थरथरला, दामूनं झटका दिला, आणि गळ रिकामा वर आला.

“बोटाला कळला नाय,” तो म्हणाला. “उजव्याला कळला असता. कोलंबी घाबरली तेव्हाच कळला असता.”

“डाव्याला शिकव,” जमना म्हणाली.

त्यानं दुसरी कोलंबी लावली. या वेळी डोळे मिटून बसला. तात्यानं विडी पेटवायला काढली होती, ती तशीच हातात राहिली. दामूचं बोट हललं नाही, पण चेहरा बदलला. जमनाला ते दिसलं. खाली पाण्यात कोलंबी भ्यायली होती, आणि या माणसाला ते कळलं होतं.

“आला,” तो ओठातल्या ओठात म्हणाला. मग हात एकदम वर गेला. “जमने, धर!”

तिनं त्याच्या मागून तंगूस पकडला. तंगूस तळव्यात रुतला. पुढे नदीत चांदीचा पत्रा उलटावा तसा जिताडा पाण्याबाहेर आला, डोकं झटकून पुन्हा आत गेला. “सोड, सोड... आता घे. घे म्हनतो ना! नको ओढू, त्याला दमू दे.” दामू बोलत होता, जमना सोडत होती, घेत होती. तीन हातांनी तो मासा त्यांनी होडीजवळ आणला, आणि तात्यानं जाळी खाली घालून वर घेतला. फार मोठा नव्हता. दामूनं पूर्वी याच्या दुप्पट धरले होते. तरी तात्या म्हणाला, “दामू, तुज्या हातचा एवडा मोठा मासा मी बघितला नाय.” आणि तिघंही हसली.

परतताना दामू थकला होता. वाटलं, आता गप्प बसेल. पण तो बादलीत वाकून उरलेल्या कोलंब्यांकडे पाहत होता.

“उद्या चाऱ्याला बोय आनशील?” त्यानं विचारलं.

“बोय?” जमना जवळजवळ ओरडलीच. “ती गुळगुळीत मासळी. साबनासारकी निसटते. दोन हातवाल्यांना लावायला येत नाय ती जिती!”

“म्हनून तर,” दामू म्हणाला.

जमनानं कपाळाला हात लावला. मग ती नाल्याच्या तोंडाकडे पाहू लागली. बोयींचा थवा ओहोटीला कोणत्या कडेनं उतरतो, ते उजेड आहे तोवर बघून ठेवायला हवं होतं.