चुऱ्याची खुर्ची

सासऱ्यांनी आजही दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही. ताटावर हात आडवा धरून म्हणाले, "नको. वजन उतरवायचंय."

खुर्ची मोडल्यापासून हे चाललं होतं. गॅलरीत पेपर वाचत बसले असताना मागचा पाय काडकन तुटला आणि सासरे आडवे. मनगट प्लास्टरमध्ये गेलं. वर सासूबाईंची फोडणी होतीच, "ती बिचारी खुर्ची तरी किती सोसणार?" येणारे-जाणारे हसायचे, सासरेही हसायचे. मनाला मात्र लावून घेतलं होतं.

सूनबाईच्या घशाखाली घास उतरत नव्हता. खुर्ची तिच्याच कारखान्यातली, मालकांनी कामगारांना एकेक भेट दिलेली. आणि तिचा माल कालवला होता खुद्द सूनबाईनेच.

खुर्चीच्या प्लास्टिकचं, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनचं, एक बरं असतं. तापवलं की वितळतं, साच्यात निवलं की घट्ट होतं, मोडलं तर दळून पुन्हा वितळवता येतं. झाकणं, बादल्या, पोती, गाड्यांचे बंपर, सगळं त्याचंच. पण दर खेपेला तापून त्याचा जीव थोडा कमी होतो, म्हणून नव्या दाण्यात जुना चुरा बेतानेच घालायचा. त्या दिवशी दाणा कमी पडला. सुपरवायझर म्हणाला, "घाल अर्धा-अर्धा, कोण बघतंय?" हिने मुकाट्याने घातला. चांगली खुर्ची आधी वाकते, पांढरी पडते, माणसाला उठायला वेळ देते. ही बिस्किटासारखी तुटली. तुटका पाय बघताच हिला सगळं कळलं, तरी ही बया तोंड शिवून बसली.

आज स्वतःचं ताट उचलताना तिला राहवलं नाही. "बाबा, पोटभर जेवा. तुमच्या वजनाने नाही मोडली ती. माझ्यामुळे मोडली." आणि तिने सगळं सांगितलं. सासूबाईंच्या हातातला डाव तसाच राहिला.

"म्हणजे मी जाड नाही," सासरे म्हणाले.

"नाही हो, बाबा." तिला रडू आलं, आणि हलकंही वाटलं.

सासरे प्लास्टरकडे बघत राहिले. "तसल्या आणखी किती झाल्या?"

इतके दिवस तिच्या डोळ्यांपुढे ही एकच खुर्ची होती. "टेम्पो भरून," ती म्हणाली.

"कुठे गेला?"

"प्रसूतिगृहात. बायका तपासणीला थांबतात त्या खोलीसाठी."

सासऱ्यांनी ताट बाजूला सारलं. "मी जेवतो नंतर. तू आधी त्यांना फोन लाव."

"बाबा, माझी नोकरी जाईल."

"जाईल," ते म्हणाले.

हात तसेच खरकटे घेऊन ती फोनकडे गेली.