चरबीचा रकाना

कालवडीच्या कातडीखालची पांढरी रेघ पडद्यावर स्थिर झाली. बाराव्या आणि तेराव्या बरगडीमधले केस कापून, तिथे कोमट तेल ओतून लेसियाने सोनोग्राफीच्या यंत्राची मूठ टेकवली होती. चरबीची जाडी भरली दोन मिलिमीटर. आल्बर्टातल्या हिवाळ्याला तोंड द्यायचं तर कालवडीच्या अंगावर निदान पाच तरी हवी. मग तिने मागे जाऊन गर्भाशय तपासलं.

"रिकामी," ती म्हणाली.

खोड्याचा दांडा धरून उभ्या असलेल्या मेथोदीने, तिच्या वडिलांनी, कालवडीच्या पाठीवर लाल खडू ओढला. एकोणीस झाल्या होत्या, त्यांतल्या अकरा रिकाम्या. उन्हाळा कोरडा गेला, गवतात दम नव्हता, असं म्हातारा सकाळपासून तिसऱ्यांदा सांगत होता.

मागून जनावरं हाकायला शेजारचा ज़ेनोन आला होता. "काका, तुमच्या पोरींनी मठात जायचं ठरवलंय का?" तो म्हणाला. "खाणं बेताचं, आणि नवऱ्याचं तोंडही बघायला नको."

"बेताचं खातात म्हणूनच माझे खोंड नेतोस ना? तुझ्याइतकं खाणारं जनावर मी दारात उभं करत नाही."

दोघं हसले. लेसियाने पुढच्या कालवडीचे केस कापायला घेतले.

या सगळ्या बोहुन वळूच्या मुली. आठ वर्षांपूर्वी तिने प्रत्येक खोंडाची वैरण रोज तोलली होती. बोहुन इतरांपेक्षा सहाव्या हिश्श्याने कमी खायचा आणि वजन मात्र त्यांच्याइतकंच धरायचा. विद्यापीठात शिकून आलेल्या लेसियाने वय, वजन, वाढ आणि वैरण मांडून त्याला पहिला नंबर दिला. चरबीचा रकाना तिने सोडून दिला. तिच्या शब्दावर वडिलांनी, तिच्या तातोने, आईच्या हातच्या जुन्या, गुबगुबीत गाई एकेक करून विकून टाकल्या आणि बोहुनचा फोटो स्वयंपाकघरात लावला.

बोहुन काटकसरी नव्हताच. त्याचं अंग उशिरा भरत होतं, एवढंच. चरबी साठवायला सुरुवातच न केलेलं शरीर कमी खातं. त्याच्या मुली उशिरा माजावर यायच्या, आणि थंडीत जाळायला त्यांच्या अंगावर काही नसायचं.

हे तिला दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये कळलं. हिमवादळ तीन दिवस चाललं. ते थांबल्यावर ज़ेनोनने आपल्या अकरा मेलेल्या गाई साखळीने ट्रॅक्टरमागे ओढत नेल्या. त्यांतल्या नऊ बोहुनच्या नाती होत्या. त्याच आठवड्यात तिने चरबी धरून सगळं गणित पुन्हा मांडलं. बोहुन पहिल्या नंबरावरून पार तळाशी गेला. तो कागद तेव्हापासून गाडीच्या खणात होता. ती रोज सांगायचं ठरवायची, आणि रोज संध्याकाळी तातो काठी टेकत बोहुनच्या कुंपणाशी जाऊन त्याची मान खाजवत उभा राहायचा.

दुपारी शेवटची कालवड सुटली. चाळीसपैकी तेवीस पाठी लाल होत्या. तेवीस खाटकाकडे जाणार होत्या, आणि आईच्या गाई आता कुठेच मिळणार नव्हत्या.

ज़ेनोनने हात पुसले आणि मागे लावलेल्या ट्रेलरकडे बोट दाखवलं. ठरल्याप्रमाणे बोहुनचा तो पांढऱ्या खुराचा खोंड आजच नेतो, म्हणाला; त्या मार्चनंतर कळप पुन्हा उभा करायला त्याला आणखी एक खोंड हवा होता. तातो खुशीत फाटकाकडे निघाला.

लेसिया त्याच्या आधी तिथे पोहोचली. कडी थंडीने बोटांना चिकटली. तिने ती उघडली नाही.

"पोरी, बाजूला हो," तातो म्हणाला. "त्याला अंधार पडायच्या आत घर गाठायचंय."

"तातो, हा खोंड कुठेही जाणार नाही," ती म्हणाली. "ज़ेनोन, तुझ्या नऊ गाई वादळाने नाही, माझ्या गणिताने मेल्या. बोहुन आणि त्याचे सगळे खोंड सोमवारी खाटकाकडे जातील."