हलगीखालचं पान

"हे काय बाई लिवणं! चुलीपाशी आपण बोलतो तसंच. एवढ्यासाठी कंबर मोडस्तवर बसायचं?" पारापुढं बायकांत बसलेली मालुबाई माझ्या कानाशी कुरकुरली.

तिचं खोटं नव्हतं. आमच्याच गावच्या मष्णूची बखर गावठी बोलीतच होती. बेळगावच्या पंडितांनी ती चाळून 'अशुद्ध' म्हणून परत धाडली होती. बहामनी अमलात लिहून मेलेला मष्णू आता शुद्ध व्हायला येणार कुठून? सदलग्याजवळच्या आमच्या गावात मात्र दर दसऱ्याला, दुपारी, ती पारावर वाचली जाई. एका पानाला हलगी अशी कडाडायची की वाचणाऱ्याचे नुसते ओठ हललेले दिसायचे. शूरांना मानवंदना, असं आम्हाला सांगितलेलं. फौज आली तेव्हा पूर्वजांनी वेस राखली, म्हणून तलवारीचा मान मारुतीराव पाटलांच्या घराला.

यंदा हलगीवाल्या गुंडूनं ते पान बखर वाचणाऱ्या केशव मास्तरांकडून आधीच वाचून घेतलं होतं.

"त्या पानाला मी वाजवणार न्हाय," आदल्या दिवशीच तो चावडीपुढं बोलला.

"मग हात ऱ्हाणार न्हाईत," पाटील म्हणाले. फौजदार चिकोडीला, इथं पाटीलच सरकार.

पान आलं. पाराखाली बसलेल्या गुंडूनं हलगी मातीत ठेवली. मास्तरांचा आवाज पहिल्यांदाच ऐकू येत होता.

"भायेरची वस्ती वेशीकडं धावली. वेस आतनं लावली. लोकं दार बडवत हुती, पोरं वर धरत हुती. कुणी उघडलं न्हाय. सकाळी दारात नखं रुतल्याली, माणसं कापल्याली."

बाहेरची वस्ती म्हणजे गुंडूचेच वाडवडील. त्यांच्या किंकाळ्या बुडवायचं काम पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याच लेकरांकडं!

पाटलांच्या भावकीनं गुंडूला ओढून पाडलं. काठी मनगटावर बसली. ओलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. मास्तर आडवे आले, तर त्यांचं तोंड फोडलं. बखरीवर रक्त उडालं.

"वाजव!" पाटील ओरडले.

गुंडूनं लोंबता हात दाखवला. "कशानं वाजवू, पाटील?"

दुसऱ्या हातावर काठी उगारली, तशी पाटलांची म्हातारी आई, अंबुबाई, येऊन गुंडूवर पालथी पडली. आम्ही सगळ्या जागच्या जागी. मी पण.

"आई, सरक. त्यो मष्णू खोटं लिवून मेलाय."

"खोटं असतं तर हलगी कशाला लागली असती रं?" म्हातारीनं मान वर केली आणि साऱ्या गावाकडं बघत म्हणाली, "वेस आपुनच लावली. माणसं भायेर हायती, हे बघून लावली."